डावा पाय

देवळाच्या जागी काहीच नव्हतं.
कॉरिंथच्या बाहेर, उतारावर,
खडकात खोदलेले खड्डे, खांब कधीचे निघून गेलेले,
एक कोरडा हौद, बकऱ्यांच्या लेंड्या,
आणि टोपी तोंडावर घेऊन झोपलेला राखणदार.
शलाका म्हणाली, बाबा, इथं आजारी माणसं येऊन झोपायची.
स्वप्नात देव यायचा म्हणे, दुखतं तिथं हात लावायचा.
मी म्हटलं, मग हा अजून वाट बघतोय.

म्युझियममधून मात्र मी तासभर हललो नाही.
काचेमागं मातीचे पाय.
हात, कान, स्तन, एक सुटा डोळा,
बरं झाल्यावर देवाला वाहिलेले.
एकतीस वर्षं हाजीअलीच्या वळणावर मी पाय केले,
लाकडाचे, मग रबराचे, मग प्लास्टिकचे.
देव मला कळत नाही. पाय कळतो.
तिसऱ्या रांगेतला डावा:
घोटा जरा वर बसवलेला, टाच घाईत उरकलेली,
पण करंगळी कुणाची तरी बघून केलेली,
आत वळलेली, वहाणेनं दाबलेली.
पोटरीला टांगायचं भोक.
आणि कडेला, आतून, अंगठ्याचा ठसा.
शलाका दोनदा बोलवायला आली.

वसईचा इनास तुस्कानो आठवला,
पहाटेच्या टेम्पोनं दादरला फुलं आणायचा,
त्याच टेम्पोखाली गेला पाय.
नवा बसवल्यावर आठवड्यात परत आला,
पिशवीत मोतमाउलीला वाहायचा मेणाचा पाय.
मिस्त्री, म्हणाला, एक सांगा,
हा गेलेल्या पायाच्या नावानं वाहू
की तुम्ही केलेल्या?
मी पट्टा आवळत होतो. म्हटलं, आधी उभा राहा.

नऊ वर्षं चालला तो त्याच्यावर.
मग रेजिना आली, पाय गोणपाटात गुंडाळून.
कुणाला तरी होईल, म्हणाली.
पाय एकाच माणसाला होतो
हे मी तिला सांगितलं नाही.
खिडकीखालच्या फळीवर ठेवला, बाकीच्यांशेजारी.
एक त्या पोराचा, जो वाढत गेला.
एक हवालदाराचा, बुटासकट, पॉलिश केलेला.
एकाच्या आत बसच्या तिकिटांची घडी,
सैल पडायला लागल्यावर कोंबलेली.
खाऱ्या हवेनं बकलं गंजायची.
शिपाई धाकोजी रोज सकाळी फळीला उदबत्ती लावायचा,
आणि तिथून जाताना अनवाणी.
कशाला रे?
एवढ्या लोकांनी जिथं पाय काढून ठेवले, म्हणाला,
तिथं आपण चप्पल घालून कसं फिरायचं?

विभाग हलला तेव्हा फळी भंगारात गेली.
पायही. किलोवर.
मी रजेवर होतो, असं मी सांगतो.

यंदा सप्टेंबरात बांद्र्याच्या जत्रेला गेलो.
माझा गुडघाही आता चढणीला बोलतो.
स्टॉलवर मेणाची घरं, बाळं, हृदयं, पासपोर्टसुद्धा,
आणि ढीगभर पाय.
डावा दे, म्हटलं.
पोरगी हसली. अंकल, सगळे एकाच साच्यातले.
तरी दहा-बारा उलटेपालटे करून बघितले.
सगळे उजवे.
घेतला एक.

वर गेलो नाही.
अर्ध्या चढणीत कठड्यावर बसलो,
ऊन होतं, मेण मऊ झालेलं.
अंगठ्यानं कमान या बाजूची त्या बाजूला नेली,
टाच सावकाश बसवली, घाई नव्हती,
मोठं बोट लहान केलं, लहान मोठं,
शेवटी करंगळी जराशी आत.
डावा झाला. जवळजवळ.
मेणबत्त्यांचा पुडा घेतलेला एक मुलगा थांबला.
अंकल, पाय दुखतोय का?
नाही रे, म्हटलं.
कामावर आहे.